रुलेटच्या चाकातलं शून्य

पामबीच_पायी (नेरूळ)

मंडळी, हा धागा काढू की नको यात महिना गेला. माझा मावसभाऊ ऐरोलीत राहतो. नोकरी चांगली, स्वभाव सरळ. गेल्या दिवाळीनंतर मोबाईलवर रुलेट खेळायला लागला आणि सात महिन्यांत घराच्या बुकिंगसाठी साठवलेली रक्कम घालवून बसला. वर एक पर्सनल लोन. परवा पामबीचला चालताना म्हणाला, "दादा, अ‍ॅपवाले लबाड आहेत. खरं चाक असतं ना, तर मी जिंकलो असतो."

अ‍ॅपवाले लबाड असतीलच. मला धास्ती वाटली ती त्याच्या पुढच्या वाक्याची. खऱ्या चाकावर जिंकता येतं ही समजूत डोक्यात राहिली, तर उद्या तो गोव्याची बस पकडेल. म्हणून गेले तीन आठवडे मिळेल ते वाचतोय. कळलं ते इथे मांडतो, चुकलं तर सांगा.

आधी हिशेब. रुलेटमध्ये फिरत्या चाकात गोळी सोडतात, ती ज्या खणात पडेल तो आकडा. युरोपातल्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, असे ३७ खण. शून्य सोडून अर्धे लाल, अर्धे काळे. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो आला, तर ३५ पट मिळतात आणि लावलेले १०० परत, म्हणजे हातात ३,६००. आता ३७ च्या ३७ खणांवर शंभर-शंभर लावून बघा. खिशातून गेले ३,७००, हातात आले ३,६००. कुणी फसवलं नाही, चाकाला हात लावला नाही, तरी शंभर गेले. शेकडा २.७०. लाल-काळं, सम-विषम, पहिली डझन, काहीही लावा, कपात तेवढीच. अमेरिकेतल्या चाकावर दोन शून्यं, म्हणजे ३८ खण, पण पैसे ३५ पटच. तिथे कपात ५.२६ टक्के. लास व्हेगासमध्ये २०१६ पासून तीन शून्यांची चाकंही आली आहेत, तिथे ७.६९.

रुलेट म्हणजे फ्रेंचमध्ये छोटं चाक. गणिती पास्कल १७ व्या शतकात कायम फिरत राहणारं यंत्र करायला गेला आणि त्यातून हे निघालं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिचा पुरावा कच्चा आहे. पक्कं एवढंच की १८ व्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पाले रोयालमध्ये आजच्यासारखं चाक फिरत होतं. आणि त्या चाकावर दोन्ही शून्यं होती! मी आजवर समजत होतो की दुसरं शून्य अमेरिकनांनी लोभापायी वाढवलं. उलट आहे. जुनं फ्रेंच चाकच दोन शून्यांचं. त्यातलं एक नंतर कुणीतरी काढलं.

ते काढणारा माणूस फ्रांस्वा ब्लां. भाऊ लुई त्याच्या जोडीला. फ्रान्सने १८३७ च्या अखेरीला जुगारघरं बंद केली, तेव्हा हे दोघे जर्मनीत हॉम्बुर्गला गेले आणि १८४३ मध्ये एकाच शून्याचं चाक लावलं. स्वतःची कपात जवळजवळ निम्म्यावर आणली. आसपासच्या गावांतल्या जुगारघरांचं गिऱ्हाईक आपोआप यांच्याकडे वळलं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. त्याला नीट कळलं होतं की कपात किती यापेक्षा माणूस टेबलाशी किती वेळ बसतो यावर धंदा उभा आहे.

तलावपाळी (ठाणे पश्चिम)

उत्तम धागा. ब्लांची गोष्ट अर्धीच सांगितलीत, पुढची मी सांगतो.

मोनाकोच्या राजाची तेव्हा ओढाताण चालली होती. मेंतों आणि रोकब्रून ही दोन गावं हातची गेली, १८६१ मध्ये ती रीतसर फ्रान्सला दिली. लिंबं-संत्री आणि ऑलिव्हच्या तेलावरचं उत्पन्न त्याच भागातलं. उरला एक खडक. कॅसिनो काढायचे आधीचे प्रयत्न फसले होते, कारण तिथे पोचायलाच धड रस्ता नव्हता. १८६३ मध्ये ब्लांने ठेका घेतला. १८६६ मध्ये टेकडीला राजाच्या नावावरून माँते कार्लो हे नाव मिळालं. आणि १८६८ मध्ये आगगाडी आली. आपण ठाणेकरांनी १८५३ मध्ये पहिली गाडी पाहिली, त्यानंतर १५ वर्षांनी. गाडी आली आणि नशीब पालटलं. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, राजाने प्रजेवरचे कर माफ केले. राज्याचा खर्च चाक भागवू लागलं.

आणि याच राज्यात मोनाकोच्या नागरिकांना कॅसिनोत खेळायला मनाई. ज्याने खजिना भरतो ते आपल्या माणसाच्या घरात शिरू नये, हे राजाला पक्कं ठाऊक होतं. १८७२ मध्ये जर्मनीतली जुगारघरं बंद झाली आणि मग बराच काळ युरोपातला हा शौक माँते कार्लोकडेच धावत राहिला.

आता आपल्याकडे या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, दुसरीकडे खेळणाऱ्याला १२ पण (तेव्हाचं नाणं) दंड. फासे अध्यक्षाने पुरवायचे, म्हणजे कुणी आपले खोटे फासे आणणार नाही. फाशांचं भाडं, जागेचं भाडं, पाण्याचे पैसे वेगळे. आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा पाच राजाचे. परवाना, देखरेख, साहित्यावर ताबा आणि कपात, कॅसिनोचं सगळं कामकाज त्या दोन-चार सूत्रांत आलं आहे. फरक एकच. कौटिल्य कपात जिंकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घेतो, रुलेट ती शून्याच्या खणात लपवतं.

घणसोली_गावठाण

सगळं मान्य, पण एक पद्धत चालते. लाल लावायचं. हरलो की दुप्पट. परत हरलो, परत दुप्पट. कधीतरी लाल येणारच, तेव्हा सगळं वसूल होऊन पहिला डाव फायद्यात. मी स्वतः गोव्यात दोन दिवस खेळून अकरा हजार घेऊन आलो. शिवाय टेबलाजवळ मागचे आकडे दाखवणारा बोर्ड असतो. सात-आठ वेळा काळं आलं असेल तरच बसायचं.

पामबीच_पायी (नेरूळ)

भावानेही हेच केलं होतं, म्हणून याचं गणित मी मांडून ठेवलंय. १०० पासून सुरुवात करा. १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००. सात वेळा हरलात की १२,७०० गेले आणि आठवा डाव १२,८०० चा. टेबलावर पाटी असते, कमीत कमी १००, जास्तीत जास्त १०,०००. म्हणजे तुमची शिडी तिथेच संपली. सलग सात हरण्याची शक्यता साधारण १०६ खेपांत एकदा. त्या आधीच्या १०५ खेपांत तुम्ही शंभर-शंभर करून १०,५०० कमावता आणि एका खेपेत १२,७०० घालवता. तुम्ही अकरा हजार घेऊन आलात यावर माझा विश्वास आहे. ते शंभरातले चांगले दिवस होते. भावाचे पहिले दोन महिने असेच गेले, आणि तेच त्याला भोवलं.

बोर्डाचं म्हणाल तर १८ ऑगस्ट १९१३ ला माँते कार्लोत एका टेबलावर सलग २६ वेळा काळं आलं. पंधरा-सोळा वेळा झाल्यावर लोक लालवर तुटून पडले, डाव दुप्पट करत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं.

पारसिककर (कळवा)

इथे वाचतो फार, लिहितो कमी. पण हा माझा विषय आहे. मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर सहा वर्षं डीलर होतो, त्यातली चार रुलेटच्या टेबलावर. कळव्याहून गेलेला मुलगा, तिथे टाय लावून उभा राहायचो. बोटीचं नाव घेत नाही, पण आत काय चालतं ते सांगतो.

पहिले काही आठवडे चाकाला हात लावू देत नाहीत. आधी पाढे. ३५ चा, १७ चा, ११ चा, ८ चा, ५ चा. एका आकड्यावर ३५, दोन आकड्यांच्या रेघेवर १७, तिघांवर ११, चौकातल्या चार आकड्यांवर ८, सहांवर ५. गिऱ्हाईक एकाच आकड्याभोवती चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या सोंगट्यांचा डोंगर रचतं, आणि तो आकडा आला की तुम्ही मान वर न करता एकूण सांगायचं. कॅल्क्युलेटर नाही. मग चिप्स उचलणं. वीस-वीसच्या थप्प्या, एका हाताने, न बघता. माझ्या बोटांना अजून सवय आहे, गल्ल्यावर नाणी मोजताना बायको बघत राहते.

चाक एका दिशेने, गोळी उलट्या दिशेने. गोळी कडेवरून सुटायच्या बेतात आली की "नो मोअर बेट्स" म्हणून टेबलावरून हात फिरवायचा, त्यानंतर कुणाचाही हात आला तरी डाव मान्य नाही. आकडा आला की त्यावर छोटी बाहुली ठेवायची, आणि ती उचलेपर्यंत कुणी चिप्सना हात लावायचा नाही. रुलेटमध्ये प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिप्स देतात, कारण सगळे एकाच कापडावर लावतात आणि कुणाची कुठली हे भांडण व्हायला नको. त्या रंगाची किंमत त्या टेबलापुरतीच. उठताना तिथेच परत द्यायच्या.

आता लोकांना न दिसणारी बाजू. कॅसिनोला गिऱ्हाइकाची जेवढी भीती नसते तेवढी आपल्याच माणसांची असते. आमच्या गणवेशाला उघडा खिसा नव्हता. मनगटावर घड्याळ नाही. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट करून वर दाखवायचे, कॅमेऱ्यासाठी. नाक खाजवायला हात उचलला तरी आधी तळवा दाखवायचा. नोटा आल्या की कापडावर ओळीने पसरायच्या, मोठ्याने रक्कम सांगायची, मग फटीतून टेबलाखालच्या कुलूपबंद पेटीत ढकलायच्या. ती पेटी मी सहा वर्षांत एकदाही उघडी पाहिली नाही. मोजणीची खोली वेगळी, माणसं वेगळी. टेबलावरच्या चिप्स पाळी सुरू होताना आणि संपताना दोघांच्या सहीने मोजायच्या. डीलरवर इन्स्पेक्टर, चार-सहा टेबलांवर पिट बॉस, आणि वर कॅमेऱ्याच्या खोलीतली माणसं, जी पिट बॉसला जबाबदार नसतात. त्यांना आम्ही ओळखतसुद्धा नव्हतो. मुद्दाम.

चाकाचीही निगा असते. रोज पाणसळ लावून समतल आहे का ते बघतात. मधूनमधून चाकं या टेबलावरून त्या टेबलावर हलवतात. याला कारण आहे. १८८० च्या आसपास जोसेफ जॅगर नावाचा यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांतला माणूस माँते कार्लोला गेला. यंत्र कधीच अगदी काट्यात फिरत नाही हे गिरणीवाल्याला माहीत. त्याने माणसं ठेवून दिवसच्या दिवस आकडे लिहून घेतले आणि एका चाकावर काही आकडे जास्त येतात ते हेरलं. भरपूर जिंकला. मग कॅसिनोवाल्यांनी चाकं हलवायला सुरुवात केली. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितींनी अंगावर बाळगायचा छोटा संगणक करून लास व्हेगासला नेला, गोळीच्या वेगावरून ती कुठे पडेल याचा अंदाज बांधायला. लास व्हेगास ज्यात येतं त्या नेवाडा राज्याने १९८५ मध्ये अशी उपकरणं बेकायदा ठरवली. म्हणजे चाकावर जिंकलेले लोक आहेत, पण ते नशिबावर खेळलेच नाहीत. त्यांनी बिघाड मोजला.

आणि बोर्ड. घणसोलीकर, राग मानू नका. तो बोर्ड तुमच्या मदतीसाठी असता तर कॅसिनोने स्वतःच्या पैशाने लावला असता का? तो लागल्यावर टेबलाशी थांबणाऱ्यांची संख्या वाढते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सावली_कोपरी

पारसिककर, एक विचारू? माझे मिस्टर दर वर्षी मित्रांबरोबर गोव्याला जातात. म्हणतात, "एंट्रीच्या पैशात जेवण, पिणं सगळं फुकट, ते लोक आपल्याला इतका मान देतात." कपात पावणेतीन टक्केच असेल तर हे सगळं परवडतं कसं? दहा हजारांवर २७० रुपये?

पारसिककर (कळवा)

ताई, नेमका प्रश्न विचारलात. कपात दहा हजारांवर नसते, प्रत्येक डावावर असते. समजा ते १०,००० घेऊन बसले आणि दर डावाला ५०० लावतात. भरलेल्या टेबलावर तासाला साधारण ३५ फेऱ्या होतात. चार तासांत १४० फेऱ्या. म्हणजे त्यांनी प्रत्यक्षात ७०,००० लावले, तेच पैसे फिरून फिरून. त्याचे २.७० टक्के म्हणजे १,८९०. आणलेल्या पैशाच्या जवळजवळ एक पंचमांश. एखाद्या रात्री ते जिंकतीलही, पण हॉलमधल्या सगळ्यांची बेरीज केली की आकडा इथेच येतो.

कार्यालयात हाच हिशेब प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाच्या नावावर मांडलेला असतो. सरासरी डाव, बसलेले तास, गुणिले कपात. त्यातला काही हिस्सा जेवण, खोली, विमानाचं तिकीट या रूपाने परत द्यायचा. मिस्टरांना मिळणारा मान खोटा नसतो हो, आमची मुलं मनापासून हसतात. पण त्याचं बिल आधी भरलेलं असतं.

म्हणून डीलरवर सतत दडपण वेगाचं. "फास्ट, फास्ट." मी तासाला चार फेऱ्या कमी काढल्या तर पिट बॉस येऊन मागे उभा राहायचा. पाळी संपवून पहाटे फीडर बोटीतून पणजीच्या धक्क्यावर उतरायचो तेव्हा डोळे मिटले तरी चाक फिरत असायचं.

पामबीच_पायी (नेरूळ)

हे वाचून अंगावर काटा आला. तासाला ३५ फेऱ्या माणसाच्या हाताने. भावाच्या मोबाईलवर मिनिटाला दोन, म्हणजे तासाला १२०, आणि तो रात्री अकरा ते दोन खेळायचा. ना टेबल भरायची वाट, ना चिप्स गोळा करायचा वेळ. आणि तिथे चाकच नाही, पाणसळ लावायला काही नाही, आकडा येतो कुठून हे बघणारा इन्स्पेक्टर नाही.

उल्हासकाठ (कल्याण)

आमच्या गावाचं नाव या बाबतीत उगाच बदनाम आहे ते सांगून टाकतो. कल्याण मटका म्हणजे कल्याण शहराचा नव्हे. १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगत यांनी सुरू केलेला म्हणून कल्याण. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडे लागायचे, ते भाव येणं बंद झालं तेव्हा आकडा काढायची दुसरी तऱ्हा शोधावी लागली. रतन खत्रींचा मटका पुढचा.

पण हिशेब बघा. एक आकडा, दहात एक, आणि रुपयाला नऊ. शेकडा दहा कपात. रुलेटच्या जवळजवळ चौपट. आमच्या चाळीत गिरणीतून सुटून आलेली माणसं जिन्यावर बसून ओपन-क्लोजची, म्हणजे दिवसाच्या दोन आकड्यांची वाट बघायची. आजोबा आकडा स्वप्नावरून काढायचे. आजी पगाराच्या दिवशी फाटकाशी जाऊन उभी राहायची.

बेलापूर_वकिली

कायद्याबद्दल थोडं, कारण यात गोंधळ फार आहे.

गोव्यात १९७६ चा जुगारविरोधी कायदा आहे. त्यात १९९२ मध्ये बदल करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि १९९६ मध्ये बोटींवर टेबलाच्या खेळांना वाट करून दिली. म्हणून खरं चाक पाण्यावर आणि जमिनीवर यंत्रं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यानेही १९९१ मध्ये बोटींपासूनच सुरुवात केली होती. जमिनीवर नको पण महसूल हवा, यावर सरकारांना सापडलेला तोडगा म्हणजे नदी. आणि तलावपाळी यांनी मोनाकोचं सांगितलं तसंच, २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे.

महाराष्ट्राचाही कॅसिनो कायदा होता, तोही १९७६ चा. विधिमंडळात मंजूर झाला पण अंमलात कधीच आला नाही. अधूनमधून कुणीतरी तो लागू करा म्हणून मागणी करायचं. अखेर २०२३ मध्ये तो रद्दच केला. आपल्याकडे जुगाराला लागू आहे तो १८८७ चा कायदा.

पामबीचकर, तुमच्या भावासाठी महत्त्वाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. त्यामुळे तक्रार केली तर आपणच अडकू ही भीती त्याने काढून टाकावी. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून व्यवहारांची यादी द्या, बँकेलाही लेखी कळवा. पैसे परत येतीलच असं सांगता येत नाही, पण ज्या खात्यांत ते गेले ती नोंदली तरी जातील.

घणसोली_गावठाण

पारसिककरांचा बोर्डाचा मुद्दा लागला. राग नाही. कालपासून मागच्या चार खेपांचा हिशेब वहीत काढतोय. अकरा हजारांची खेप आठवत होती, बाकीच्या तीन आठवतच नव्हत्या. बँकेच्या स्टेटमेंटवरून शोधल्या. बेरीज इथे लिहीत नाही.

पामबीच_पायी (नेरूळ)

घणसोलीकर, हे इथे लिहायला हिंमत लागते. मनापासून आभार.

रविवारी भावाला घरी बोलावलं होतं. सोसायटीच्या गणपतीतला हाउजीचा डबा काढला. १ ते ३६ च्या सोंगट्या आणि एक कोरी, तिला शून्य म्हटलं. लालसाठी सम, काळ्यासाठी विषम. १२७ राजमे मोजून त्याच्यासमोर ठेवले, कारण १, २, ४, ८ करत सात डाव हरायला बरोबर १२७ लागतात. म्हटलं, तुझ्या पद्धतीने खेळ, मी फक्त सोंगटी काढतो. इथे लबाडी करणारं कुणी नाही.

दुपारी तीनला बसलो. पाच वाजता त्याच्याकडे १८८ राजमे होते. चेहरा उजळला होता, आणि मलाच भीती वाटायला लागली की माझं गणित उलटं पडतंय. मग २३, ७, ३१, कोरी, १९, ५, ११. सलग सात. १२७ गेले, हातात ६१. पुढचा डाव १२८ चा. तो त्या ६१ राजम्यांकडे बघत बसला. मग सोंगट्या उलटवून एक एक मोजल्या, ३७ भरल्या. पुन्हा मोजल्या.

चहा झाल्यावर त्याने डबा मागून घेतला. वहिनीला कर्जाचं अजून माहीत नाही. आज रात्री मुलं झोपल्यावर हाच खेळ तिच्यासमोर मांडून मग सांगणार आहे म्हणाला. बेलापूरच्या वकिलांनी सांगितलेली व्यवहारांची यादी डब्यातच घडी करून ठेवली आहे.